बसता-उठता

पार्किंगमध्ये पडलो. सकाळी सव्वासहाला.
गोरख वॉचमन सदाफुलीला पाणी घालत होता,
त्याचा हिरवा पाइप मी तेरा वर्षं रोज ओलांडला,
त्या दिवशी एक बोट कमी ओलांडला.

एक बोट!
आकुर्डीला लेथवर होतो, नंतर इन्स्पेक्शनला.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी
पोरांचे जॉब परत पाठवलेत मी,
शिव्या खाल्ल्यात त्यांच्या, कँटीनमध्ये, पाठीमागून.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला.
म्हटलं, ड्रॉइंग उलटं धरलंय तुम्ही.
त्यांनी सुलटं केलं.
डाव्या मांडीत उभा रॉड, वरून तिरका स्क्रू.
आटे पाहिले. स्वच्छ.
कुणीतरी मन लावून कापलेत.
तेवढंच बरं वाटलं त्या आठवड्यात.

मग तस्नीम बागवान.
बार्शीची पोरगी, स्कूटीवरून येते,
हेल्मेट आमच्या फ्रिजवर ठेवते आणि
न विचारता पंखा बंद करते.
"काका, टाच गादीवरून सरकवा. स्वतःकडे."
माझीच टाच, माझीच चादर,
अंतर जेमतेम वीतभर,
पण निगडीहून स्वारगेटला उभ्यानं जाऊन आल्यासारखा
घाम.
दहा वेळा म्हणाली होती.
आठाला मी दहा म्हटलं.
"आठ झाले. इन्स्पेक्शनला होतात ना तुम्ही?"

रात्री वॉकर पलंगाशी उभा,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.
संडासाला जायचं तर आधी त्याची मनधरणी.
मंदाला उठवायचं नाही म्हणून
मी अडीचपासून पाचपर्यंत दाबून धरलंय,
हे तस्नीमला सांगितलेलं नाही.
तिच्या कागदावर पायाची सगळी चित्रं आहेत,
पोटरी, मांडी, घोटा गोल फिरवा,
ओल्या फरशीकडे बघताना
छातीत काय फिरतं, त्याचं चित्र नाही.

आता खुर्ची.
हात न लावता उठायचं, हात न लावता बसायचं.
दहा वेळा, तीन फेऱ्या.
जन्मभर बसता-उठता मंदाला बोललो,
नळ नीट बंद कर, गॅस बघ, पिशवी कुठे टाकलीस,
आता मी बसतो नि उठतो
आणि ती दिवाणावर मटार सोलत मोजते.
एका उठण्याला एक दाणा वाटीत.
"सात. पाठ सरळ."
"आठ. गुडघे आत येतायत."
आवाज अगदी माझा. कुठून शिकली?

तिसऱ्या फेरीत नवाला पाय थरथरले.
खुर्चीत आदळलो, तसाच राहिलो.
ती शेंगेकडे बघत होती.
न उठलेल्या उठण्याचा एक दाणा
तिनं वाटीत टाकला, हळूच,
आणि म्हणाली, "दहा. झालं."

मी पाहिलं.
बोललो नाही.
अख्ख्या नोकरीत जे केलं नाही ते केलं,
जॉब तसाच पास केला.

आज जिना. अकरा पायऱ्या, कठडा धरून.
"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी,"
तस्नीम एक पायरी खाली, माझ्याकडे तोंड करून,
हात पुढे, पण लावलेला नाही.
मधेच म्हणाली, तिची आजी अशीच पडली होती,
तिला कुणी उठवलंच नाही पुन्हा,
तांदूळ निवडायला पण पलंगावरच द्यायचे.
एवढंच. मग, "काका, पुढची पायरी."

खाली पार्किंग.
गोरखनं मला पाहिलं, धावत जाऊन नळ बंद केला,
पाइप गुंडाळायला लागला, तोंड अपराध्यासारखं.
म्हटलं, राहू दे रे. पसर होता तसा.
त्यानं पसरला.
वॉकर टेकवून मी त्याच्यासमोर उभा राहिलो.
आत थोडं पाणी होतं, एका टोकातून ठिबकत होतं.
तस्नीम काही म्हणाली नाही.

ओलांडला नाही.
आज नुसतं माप घेतलं.